शब्दचर्चा : ‘नीतिमत्त्व’ आणि ‘नियमापुरतं’ वागणं (कानामात्रा, तळटीप, साधी बोली आणि ओळंबा ही चर्चेतल्यांची टोपणनावं)

कानामात्रा

बायबलच्या नव्या करारात, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ५:२० या येशूच्या वचनावरून तीन शंका आहेत. शास्त्री (नियमशास्त्राचे पंडित) आणि परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) यांच्या नीतिमत्त्वापेक्षा तुमचं नीतिमत्त्व अधिक झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही, असा त्याचा आशय.

पहिली शंका: ‘नीतिमत्त्व’ आणि ‘नीतिमत्ता’ एकच का? ख्रिस्ती मराठीबाहेर पहिला शब्द फारसा दिसत नाही. दुसरी: इथलं ‘अधिक’ संख्येने अधिक आहे का? म्हणजे परूशी दोन उपास करत असेल तर आपण तीन करायचे? तिसरी: नियमात बसेल तेवढंच करायचं, वर कणभरही नाही, या वृत्तीला मराठीत नेमका शब्द कोणता? ‘कर्मठ’ सुचवला जातो, पण तो मला उलट्या दिशेचा वाटतो.

(नीतिमत् + त्व, म्हणून दोन त. ‘नीतिमत्व’ लिहू नये, छापील पुस्तकांतही ही चूक सर्रास असते.)

तळटीप

व्याकरणाने दोन्ही एकच. गुरुता-गुरुत्व तसं नीतिमत्ता-नीतिमत्त्व. वापराने मात्र वाटा फुटल्या. ‘सार्वजनिक जीवनातली नीतिमत्ता’ म्हणतो तेव्हा माणसाच्या वागणुकीचा दर्जा डोळ्यांसमोर असतो. ‘नीतिमत्त्व’ हा शब्द मराठी बायबलने ग्रीक ‘दिकायोसुने’साठी जवळजवळ राखून ठेवला आहे.

अडचण अशी की ‘नीती’ म्हटल्यावर वाचकाला सदाचार ऐकू येतो, फार तर धोरण. ‘दिकायोसुने’च्या पोटात ‘दिके’ म्हणजे न्याय आहे. त्याच्याही मागे हिब्रूतले ‘त्सेदेक’ आणि ‘त्सदाका’ आहेत, आणि ते फार जमिनीवरचे शब्द आहेत. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात १९:३६ मध्ये ‘त्सेदेक’ चार वेळा येतो: तराजू, वजनं, एफा आणि हिन यांना विशेषण म्हणून. एफा हे धान्याचं माप, साधारण २२ लिटर. हिन हे तेल-द्राक्षारसाचं, पावणेचार लिटरच्या आसपास. म्हणजे माप भरताना जे हवं ते ‘त्सेदेक’. जुन्या करारातलंच ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक (२५:१३) तर आणखी पुढे जातं. पिशवीत दोन तऱ्हेची वजनं, एक घेण्याचं नि एक देण्याचं, बाळगायचीच नाहीत. वापरल्याचं सिद्ध होण्याची वाट पाहिलेली नाही.

मत्तयात ‘दिकायोसुने’ एकूण ७ वेळा येतो: ३:१५, ५:६, ५:१०, ५:२०, ६:१, ६:३३, २१:३२. त्यांतले ५ येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात (अध्याय ५ ते ७). ६:१ मध्ये मराठीत ‘धर्माचरण’ दिसेल, मूळ शब्द तोच आहे. तिथे हस्तलिखितांतही फरक पडतो. जुन्या, महत्त्वाच्या प्रतींत ‘दिकायोसुने’ आहे, नंतरच्या बऱ्याच प्रतींत ‘एलेमोसुने’ म्हणजे दानधर्म. नकलाकाराने बदल केला तो अगदी हवेतून नाही, कारण पुढच्याच वचनांत दानाचा विषय आहे आणि उत्तरकालीन हिब्रूत ‘त्सदाका’चा अर्थच दान असा रुळला होता. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातही अनुवाद ६:२५ ला ‘त्सदाका’साठी ‘एलेमोसुने’ वापरला आहे.

साधी बोली

तिसऱ्या शंकेबद्दल. ‘कर्मठ’ नाहीच. कर्मठ माणूस कर्मात जास्तच करतो, कमी नाही. तुम्हाला हवी ती छटा बोलीत भरपूर आहे: पाट्या टाकणे, उरकणे, तोंडदेखलं करणे, सोपस्कार पार पाडणे, नियमावर बोट ठेवणे. यांतल्या पहिल्या दोघांत आळस आहे, तिसऱ्यात दिखावा, चौथ्यात रिकामा उपचार. पाचव्यात धूर्तपणा आहे, आणि तुमच्या वृत्तीला तो सर्वांत जवळचा. नियमावर बोट ठेवणारा आळशी नसतो. नियम कुठे संपतो हे त्याला इतरांपेक्षा नीट माहीत असतं.

तळटीप

बरोबर, आणि इथेच ५:२० चं नेहमीचं स्पष्टीकरण घसरतं. ‘परूशी कमीत कमी करत, आपण जास्त करावं’ असं सांगितलं जातं. परूशी कमी करत नव्हते. लूक १८:१२ मधला परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो. नियमशास्त्राने सर्वांना घालून दिलेला उपास वर्षातून एक, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. मिळकतीच्या सर्व गोष्टींचा तो दशांश देतो.

दशांशाचा बारकावा पाहा. मत्तय २३:२३ मध्ये पुदिना, शेप आणि जिरं आहे. लूक ११:४२ मध्ये पुदिना, सताप आणि सगळ्या भाज्या. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाप्रमाणे शेप आणि जिरं दशांशाला पात्र आहेत, सताप मात्र स्पष्टपणे सूट दिलेल्यांत मोडते. म्हणजे लूकमधला परूशी नियमाने मागितलं नाही त्याचाही दहावा भाग मोजून देतोय. याला ‘नियमापुरतं’ कसं म्हणणार?

जाता जाता: ‘अनेथॉन’ म्हणजे शेपू, त्याचं बी म्हणजे बाळंतशेप. ‘बडीशेप’ केलं की झाडच बदलतं.

कानामात्रा

मग वचनातलं ‘अधिक’ काय? तुमच्या म्हणण्याप्रमाणे परूश्याला संख्येत गाठणंच अवघड.

तळटीप

क्रियापद आहे ‘पेरिस्सेउओ’: भरून वाहणे, काठाबाहेर जाणे. ५:४७ मध्ये त्याच कुळातला ‘पेरिस्सोन’ येतो: आपल्या भावांनाच सलाम केलात तर ‘विशेष’ काय केलंत? मराठीत २० ला ‘अधिक’ आणि ४७ ला ‘विशेष’ आल्यामुळे दुवा तुटतो. मुळात अधिक आणि विशेष एकाच टोपलीतले आहेत, आणि मधली २१ ते ४८ ही वचनं ते ‘अधिक’ म्हणजे काय हे सहा उदाहरणांनी सांगतात: राग, वासना, सूटपत्र (घटस्फोट), शपथ, बदला, वैरी. वेठीचे दोन कोस (५:४१) सोडले तर यात कुठेही नवा आकडा दिलेला नाही. खून करू नको ही आज्ञा न्यायालयात तपासता येते. भावाला मनातून हलका लेखलं हे कुठलंही न्यायालय तपासू शकत नाही. ‘अधिक’ तिकडे आहे.

आकडा विचारणारी माणसं शुभवर्तमानांत आहेतच. मत्तय १८:२१ मध्ये पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? सात हा त्याने उदारपणे काढलेला आकडा आहे. लूक १०:२९ त्याहून बोलका. नियमशास्त्राचा जाणकार ‘स्वतःला नीतिमान ठरवण्याच्या’ इच्छेने विचारतो, माझा शेजारी कोण? क्रियापद ‘दिकायोओ’, आपल्या शब्दाचंच भावंड. शेजारी ही आज्ञेची हद्द. हद्द आखून मिळाली की पलीकडच्यांबद्दल मोकळं होता येतं. उत्तरादाखल येशूने सांगितलेल्या गोष्टीत जखमी वाटसरूला उचलून आणणारा शोमरोनी (यहुद्यांना परका मानला जाणारा माणूस) उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार देतो आणि वर म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा दोन दीनार मोजता येतात. ‘जास्त झाला तर’ हे मोजता येत नाही, तिथे त्याने खातं उघडं ठेवलं.

साधी बोली

जक्कय या जकातदाराचा हिशेब (लूक १९:८) यात घालायला हवा, कारण तिथे किमान काय होतं ते नेमकं ठाऊक आहे. फसवणूक करून स्वतःहून कबूल केली तर मुद्दल अधिक पाचवा हिस्सा, असं लेवीय ६:५ आणि गणना ५:७ सांगतात. शिवाय दोषार्पणाचा मेंढा. म्हणजे १०० नाणी लुबाडली असतील तर १२० द्यायची. चौपट भरपाई चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर होती (निर्गम २२:१), बैलाला पाचपट. जक्कय चौपट म्हणतो: १०० ला ४००. त्याआधी निम्मी मालमत्ता गरिबांना. पाठ घेताना हे आकडे फळ्यावर लिहावेत. नाहीतर ‘जक्कय बदलला’ एवढं गुळमुळीत वाक्य उरतं आणि तो किती पुढे गेला ते कळत नाही. लूक इथे ‘नीतिमान’ शब्द वापरत नाही, तरी शब्दाचा अर्थ समजवायला यासारखा उतारा नाही.

ओळंबा

कॅथलिक बाजूने थोडं. आमच्याकडे ‘किमान’ अधिकृतपणे लिहून ठेवलेलं आहे, आणि मला ते लाजिरवाणं वाटत नाही. रविवारी मिस्सेला (उपासनेला) हजर राहणं, वर्षातून एकदा तरी गंभीर पापांची कबुली, वर्षातून एकदा तरी ख्रिस्तप्रसाद. शेवटचे दोन नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचे (ही कॅथलिक धर्मसभा). प्रसादाआधी एक तास उपास, पाणी आणि औषध चालतं. धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातही या नियमांना ‘अत्यावश्यक किमान’ अशाच अर्थाचा शब्द आहे. घराच्या पायाला कुणी छप्पर समजू लागला तर दोष पायाचा नाही.

पण पायाला छप्पर समजलं की काय होतं त्याचा नमुनाही आमच्याच इतिहासात आहे. सतराव्या शतकात पापनिर्णयाच्या काही पंडितांनी ‘बंधन नेमकं किती’ हे इतकं तासलं की प्रश्न निघाला: देवावर प्रीती करण्याची आज्ञा किती दिवसांनी लागू होते? एक मत असं की आयुष्यात एकदाच प्रीती व्यक्त करणारा गंभीर पाप करतो असं म्हणायला आम्ही धजत नाही. दुसरं, दर पाच वर्षांनीही ती आज्ञा काटेकोरपणे बंधनकारक नसावी हे संभवनीय आहे. २ मार्च १६७९ रोजी पोप अकरावे इनोसंट यांनी अशी ६५ विधानं निषिद्ध ठरवली, त्यांत ही दोन्ही आहेत. तर्काच्या पायऱ्या सरळ आहेत: आज्ञा कृती मागते, कृतीला वेळ असते, वेळेला वारंवारिता असते, तेव्हा वारंवारिता सांगा. पहिल्याच पायरीवर गफलत झाली. प्रीती ही सुटी कृती धरली.

कानामात्रा

पाच वर्षांनी एकदा! कानामात्रा तपासण्याचं काम बरं म्हणायचं.

पण मग पश्चात्तापाचे जे दोन प्रकार तुमच्याकडे करतात, तेही याच हिशेबात बसतात ना?

ओळंबा

बसतात, पण तिथे मंडळीने घाई केलेली नाही. देवावरच्या प्रीतीमुळे झालेला तो पूर्ण पश्चात्ताप. पापाची किळस किंवा शिक्षेची धास्ती यामुळे झालेला तो अपूर्ण. १५५१ मध्ये ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मपरिषदेने अपूर्ण पश्चात्तापाला ढोंग म्हटलं नाही. तीही देवाचीच देणगी आहे आणि माणसाला कबुलीसंस्काराकडे आणते, असं म्हटलं. ‘हृदयापासून नसेल तर फुकट’ असं सरसकट बोलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. भीतीपोटी सुरुवात करणारा आणि भीतीपुरतंच करून थांबणारा, दोघं सारखे नाहीत.

मराठीत ‘अपूर्ण’ ऐवजी ‘खोटा पश्चात्ताप’ लिहिलेलं आढळतं. ते साफ चूक.

तळटीप

ढोंगाबद्दल: ‘हुपोक्रितेस’ म्हणजे नट. ‘ढोंगी’ बरोबर आहे, फक्त रंगमंचाची आठवण निघून जाते. मत्तय ६ मधल्या दान, प्रार्थना, उपास या तिन्ही ठिकाणी ‘ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत’ असं वाक्य येतं. तिथलं ‘अपेखो’ हे क्रियापद त्या काळच्या पपायरसावरच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरच्या) पावत्यांत सापडतं: रक्कम पूर्ण मिळाली, येणं बाकी नाही. लोकांनी पाहिलं, पावती फाडली, खातं बंद. मराठीतला ‘भरून पावले’ हा प्रयोग त्यामुळे फार चपखल आहे. जुन्या दस्तांमध्ये ‘भरून पावलो’ असंच लिहीत.

आणि ‘कुर्बान’. मार्क ७:११. आईबापांच्या पोटासाठी जे द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं असं जाहीर केलं की ते त्यांना द्यायला नको. नवसाचा नियम पाळला, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा बुडाली. आपली ‘कुरबानी’ अरबी-फारसीतून आली, पण धातू तोच सेमिटिक क-र-ब, ‘जवळ येणे’. जवळ आणण्यासाठी असलेला शब्द जवळच्यांना लांब ठेवायला वापरला गेला.

साधी बोली

यावरून एक उलटा धोका. हे सगळं वाचून ‘नियम गौण, मन शुद्ध हवं’ असा निष्कर्ष निघतो आणि तो मराठीत फार गोड वाटतो. पण मत्तय २३:२३ मध्येच पुढे आहे: न्याय, दया, विश्वास या गोष्टी करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. पुदिना मोजणं बंद करा असं म्हटलेलं नाही. ‘माझ्या मनात काही नव्हतं’ ही सबब नियमावर बोट ठेवण्याइतकीच सोयीची असते, आणि पकडायला जास्त कठीण. मत्तय ५:२३-२४ मधला माणूस वेदीपाशी अर्पण ठेवून उठतो, आधी भावाशी समेट करतो, मग परत येऊन अर्पण करतो. परत येतो हे शिकवताना गाळलं जातं.

‘पाळणे’ या क्रियापदाकडेही पाहा. नियम पाळतो, शब्द पाळतो, आणि गाय पाळतो. संस्कृत ‘पाल्’ म्हणजे राखणे, जपणे. ग्रीक ‘तेरेओ’, हिब्रू ‘शामर’ यांचाही अर्थ पहारा देणे, जपणे. म्हणजे ‘आज्ञा पाळणे’ हा शब्द मुळात कोरडा नाही. आपण तो कोरडा केला.

कानामात्रा

‘हृदयाचं नीतिमत्त्व’ म्हणावं की ‘अंतःकरणाचं’? आणि ‘प्रामाणिक’ या अर्थाने इथे कोणता शब्द? प्रवचनांत ‘बिनमेणाचा’ अशी फोड ऐकू येते.

तळटीप

मेणाची गोष्ट सोडून द्या. लॅटिन ‘सिंकेरुस’ (प्रामाणिक) म्हणजे ‘सिने केरा’, मेणाविना, शिल्पकार भेगा मेणाने बुजवत वगैरे, ही लोकव्युत्पत्ती आहे. भाषाशास्त्राला ती मान्य नाही. शिवाय नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने लॅटिनमध्ये लिहिलंच नाही. त्याचा शब्द ‘एइलिक्रिनेइआ’, अर्थ भेसळ नसलेलं. मराठीत ‘निर्भेळ’ किंवा ‘निष्कपट’ चालेल. मला ‘प्रांजळ’ आवडतो, कारण त्याच्या मूळ अर्थात सरळपणा आहे, आणि हिब्रूत नीतिमानाच्या जोडीला नेहमी येणारा ‘याशार’ म्हणजे सरळच.

हृदय की अंतःकरण, यात माझं मत ठाम अंतःकरणाकडे. हिब्रू ‘लेव’ हे केवळ भावनेचं ठिकाण नाही. विचार, निश्चय, आठवण सगळं तिथेच. आजच्या मराठीत ‘हृदय’ म्हटलं की भावना येते, नाहीतर डॉक्टर. आपल्या परंपरेत अंतःकरण म्हणजे मन, बुद्धी, चित्त, अहंकार ही चौकडी. ‘लेव’ला याहून जवळचा शब्द मिळणार नाही. यिर्मया ३१:३३ मध्ये नियमशास्त्र ‘लेव’वर लिहिण्याचं वचन आहे. ते भावनेवर लिहायचं म्हटलं तर अर्थच लागत नाही, निश्चयावर लिहायचं म्हटलं की लागतो. यहेज्केल ३६:२६ ला मात्र ‘हृदय’ ठेवावं लागतं, कारण तिथे दगडाचं काढून मांसाचं द्यायचं आहे. दगडी अंतःकरण चालतं, ‘मांसमय अंतःकरण’ कानाला विचित्र लागतं.

ओळंबा

पौलाचा वापर राहिला. त्याच्या रोमकरांस पत्रात ‘दिकायोसुने’ तीसहून अधिक वेळा आहे, आणि तिथे भार ‘करण्या’वर नाही, देवाकडून ‘मिळण्या’वर आहे. मत्तयाचा अर्थ तिथे आणि तिथला इथे कोंबला की गोंधळ होतो. मराठीत हा वाद एका क्रियापदावर येतो: नीतिमान ‘ठरणे’ की ‘होणे’? ग्रीक ‘दिकायोओ’ निवाड्याचा शब्द, न्यायाधीश निर्दोष ठरवतो तसा. लॅटिन ‘युस्तिफिकारे’मध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणे दडलेलं आहे. १५४७ मध्ये ट्रेंटने ‘होणं’ यावर भर दिला, प्रोटेस्टंट सुधारकांनी ‘ठरणं’ यावर. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक मंडळींनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, त्यात मूलभूत सत्यांबद्दल एकमत नोंदवलं आणि उरलेले फरक भराचे मानले. पाठ घेणाऱ्याने रोमकरांत ‘ठरणे’ ठेवावं, पण ‘ठरला म्हणजे सुटला’ अशी छटा येऊ देऊ नये. सहाव्या अध्यायात पौल स्वतःच ती छाटतो.

साधी बोली

मूळ तिसऱ्या शंकेला एक शब्द सुचतोय, आणि तो बायबलातच आहे: वेठ. मत्तय ५:४१, कोणी एक कोस वेठीस धरलं तर दोन कोस जा. ग्रीक ‘अंगारेउओ’, फारसी राजवटीतल्या सक्तीच्या डाकसेवेवरून आलेला. रोमी शिपाई वाटेवरच्या माणसाला ओझं वाहायला लावी, कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहायला लावला तिथे (२७:३२) हेच क्रियापद आहे. मराठीत ‘वेठ वारणे’ म्हणजे मनाविरुद्धचं काम कसंबसं उरकणे. नियमापुरतं वागणं म्हणजे नियमाची वेठ वारणं. पहिला टप्पा शिपायाच्या हुकमाने, दुसरा कुणाच्याच हुकमाने नाही.

कानामात्रा

‘वेठ’ मान्य. पण ‘कोस’वर हरकत आहे. ग्रीकमध्ये ‘मिलिओन’, रोमी मैल, हजार दुपावलं, साधारण १,४८० मीटर. कोस म्हणजे प्रदेशानुसार कमी-जास्त धरला तरी दोन मैलांच्या घरात. मराठी वाचकाला वेठीतच मुळाइतके दोन्ही मैल चालावे लागतात, आणि ऐच्छिक भाग त्यानंतर सुरू होतो.

तळटीप

खरं आहे. ‘मैल’ ठेवावा आणि तळटीपेत रोमी मैलाची लांबी द्यावी.